बर्डीवरून घेतलेली जुनी डिक्शनरी अन् अ‍ॅनोमली हा शब्द

नागपूरच्या बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानातून 180 रुपयांत इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली, दोन महिने झाले वापरतोय, म्हणून लिहितो.

घेतली ती ताईमुळे. पाचवा महिना लागला नं तिला, डॉक्टरांनी चिठ्ठीवर अ‍ॅनोमली स्कॅन लिहून दिलं, तिनं ऑटोत बसल्या बसल्या मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये शब्द टाकला तर एकच अर्थ आला, विकृती. बस. घरी आली ती रडतच, आई विचारते काय झालं तर बोलेचना, नुसता मोबाईल पुढे केला. ही सोनोग्राफी साधारण 18 ते 22 आठवड्यांत सगळ्यांनाच सांगतात, बाळाचं डोकं, मणका, हृदय नीट बनतंय का ते बघायला, चिठ्ठीवर नाव आलं म्हणजे काही सापडलं असं नाही. डॉक्टर मॅडमनी फोनवर हे समजावलं तेव्हा कुठे ती जेवली.

डिक्शनरीत याच शब्दाला अर्धा कॉलम दिलाय. नेहमीच्या नियमाला सोडून असलेली गोष्ट, हा अर्थ आधी, मग वाक्यं. शब्द मूळचा ग्रीक, सपाट नसलेलं, उंचसखल असा. मी मोठ्यानं वाचत होतो तर बाबा (सरकारी नोकरीतून रिटायर) म्हणाले, अरे आमच्याकडे अ‍ॅनोमली म्हणजे वेतनत्रुटी, ज्युनियरचा पगार सिनियरच्या वर गेला की अर्ज करायचा. अन् दहावीच्या विज्ञानात पाण्याचं असंगत आचरण आहे नं, तिथेही इंग्रजीत हाच शब्द, 0 ते 4 अंशांपर्यंत पाणी तापवलं की प्रसरण व्हायच्या ऐवजी ते आकुंचन पावतं. आता पाण्यात कसली विकृती? जागा बदलली की मराठी शब्द बदलतो, अन् अ‍ॅपनं त्यातला सगळ्यात भीतीदायक तेवढा एकटा उचलून ताईपुढे ठेवला, याचा मला खरंच राग आला.

इरेग्युलरशी फरकही वाक्यांवरून कळतो. पोराची हजेरी इरेग्युलर असते, तिला कोणी अ‍ॅनोमली म्हणत नाही.

टाईप फार बारीक आहे, आईला चष्मा लावूनही वाचता येत नाही. बाइंडिंग पक्कं आहे. घ्यायची असेल तर दुकानातच पानं चाळून घ्या, माझ्यात एस ची चार पानं नाहीत.