एसओएसवाला हेडलॅम्प, एक थंडी वापरून झाल्यावर

लुमेन-बिमेन सगळं बॉक्सवर आहे, ते परत लिहत बसत नाही. लिहायला बसलोय ते त्या बटणामुळं. 1800 रुपयांच्या लॅम्पला एकच बटण, तेही हरभऱ्याएवढं, एसओएससाठी, म्हणजे मदत मागायच्या लुकलुकीसाठी, ते दाबून धरायचं, मग स्ट्रोब (नुसता भराभर लुकलुकणारा लाइट) येतो, मग परत दाबलं की एसओएस. बेळगावात घरी बसून लागतंय की, का नाही लागणार! उत्तराखंडात केदारकंठाच्या ट्रेकला पहाटे शिखराकडं निघालो तर दोन-दोन हातमोज्यांतनं बटण कुठाय तेच कळेना, मोजा काढला तर बोटं बधिर. अडचणीत सापडलेला माणूस बर्फात मोजे काढून बटण चाचपत बसणार काय?

बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, पण लिथियम-आयनचं ते असतंच, आतली रासायनिक क्रियाच मंदावते, त्याबद्दल कंपनीला बोल लावत नाही. रात्री स्लीपिंग बॅगेत अंगाशी घेऊन झोपलं की सकाळी नीट चालतो. पण एसओएस फक्त फुल ब्राइटनेसवरच, म्हणजे जिथं बॅटरी पुरवायची तिथंच उधळायची, हे कुणाच्या डोक्यातनं निघालं देव जाणे.

एकच स्टार देणार होतो. पण जुडा का तालाबच्या कँपवर सांक्रीच्या आमच्या गाइडनं दाखवलं, लॅम्प साधा चालू ठेवायचा आणि समोर हात धरून झाकायचा-उघडायचा, दर दहा सेकंदाला एकदा, मिनिटात 6, मग मिनिटभर गप्प, परत 6. आल्प्समधली जुनी रीत आहे ही, ज्याला दिसलं तो मिनिटात 3 दाखवून उत्तर देतो. मोज्यासकट जमतं, बटणाचं कामच नाही! शिट्टीलाही हाच हिशोब, आणि ती सॅकच्या छातीवरच्या बकलमध्ये फुकट मिळालेली. आत गोळी नसलेली प्लास्टिकचीच बघा, गोळीवाली थुंकी गोठून अडकते आणि धातूची ओठाला चिकटते. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर, उगाच यात्रेत ओळखीचं दिसल्यागत एक हात हलवू नका, एक हात वर एक खाली म्हणजे मदत नको. दुबईचा मित्र सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसताना उपग्रहावरनं मेसेज धाडायचं यंत्र, आणतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं, परवानगीशिवाय आपल्याकडं ते बेकायदा आहे.

तर स्टार तीन केले होते. परत आल्यावर बटणाचं रबर चिरलं. दुकानदार म्हणतो, "लाइट लागतंय की सर, मग काय प्रॉब्लेम?" अहो, आयपीएक्स4 म्हणजे आधीच नुसते शिंतोडे सोसणार, रबर चिरल्यावर तेवढंही राहिलं नाही. सर्व्हिसवाले म्हणतात स्वखर्चानं बेंगळूरला कुरिअर करा, आणि रबर वॉरंटीत येत नाही. मग कुरिअर कशाला करू, दर्शन घ्यायला? एक स्टार परत काढला.

आता पंक्चरचं सोल्युशन लावून खानापूरच्या शेतावर रात्री पाणी पाजायला वापरतोय, तिथं मोजे लागत नाहीत, बटण बरोबर सापडतं. मोठ्या बटणाचं मॉडेल कुणाकडं असेल तर सांगा, 1800च्या वर असेल तर नका सांगू.