ऑक्टोबरातलं माथेरान: माकडं, घोडे आणि हातातला चिवडा

लहान मुलांना घेऊन दसरा-दिवाळीच्या सुट्टीत कुठे जावं, असं कुणी विचारलं तर माथेरानचं नाव बेधडक सांगावं. पॉइंट छान आहेतच, पण मुलांच्या लक्षात राहतात ती तिथली जनावरं. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे. त्यामुळे हॉर्न नाही आणि मुलाचा हात सतत धरून ठेवावा लागत नाही. पाऊस नुकताच सरलेला असतो, झाडी हिरवी असते आणि लाल माती सुकायला लागलेली असते.

दस्तुरीहून बाजारपेठ साधारण अडीच-तीन किलोमीटर. शक्यतो चालतच जावं, कारण माकडं याच वाटेवर भेटतात. लेकरं सोबत असली की पाऊण तासाचा सव्वा तास होतो, तो होऊ द्यावा. परत येताना पाय बोलायला लागले की माथेरान ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) ही शटल गाडी पकडावी. नेरळहून वर येणारी छोटी गाडी 1907 सालची, फक्त दोन फूट रुंदीच्या रुळांवरची. ती पावसाळ्यात बंद असते आणि पुन्हा सुरू होण्याची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी.

आता माकडं. इथे दोन जाती दिसतात आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. त्याचं पोट पाला पचवायला बनलेलं असतं, त्यामुळे ते बहुतेक वेळ झाडावर पानं खात बसतं. लालसर तोंडाचं, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखं दिसतं ते माकड, आणि चिवड्यावर डोळा असतो तो याचा. त्याच्या गालात पिशव्या असतात. हिसकावलेला घास चावत न बसता ते गालात कोंबतं, फांदी गाठतं आणि मग दोन्ही गाल फुगवून निवांत खातं. मुलं हे बघून हसून लोटपोट होतात, आणि ते खरंच बघण्यासारखं असतं. मात्र ते जरा लांबून बघावं.

बहुतेक वेळा गडबड होते ती प्लास्टिकमुळे. कॅरीबॅगची सळसळ आणि वेफर्सच्या पाकिटाची चुरचुर म्हणजे खाणं, हे माकडांना पक्कं ठाऊक झालेलं आहे. पिशवी रिकामी असली तरी ती ओढतात. खाऊ चेन असलेल्या सॅकमध्ये, कापडी पिशवीत गुंडाळून ठेवावा. रंगीत सरबताची बाटली हातात मिरवू नये. कणीस खायचंच असेल तर दुकानाच्या आत बसून खावं. माकडाने वस्तू धरलीच तर सोडून द्यावी. ओढाताण केली की नखं लागतात. मुलांना एवढं शिकवून ठेवावं: त्याच्या डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, दात दाखवून हसायचं नाही (माकडाच्या भाषेत ती धमकी होते), पळायचं नाही, पिल्लाजवळ जायचं नाही. ओरखडा आला किंवा चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात रेबीजच्या लशीचं विचारावं. ओरखडा साधा दिसतो म्हणून तो अंगावर काढू नये. आणि माकडांना खायला अजिबात घालू नये. त्यांच्या दांडगाईचं मूळ तिथेच आहे.

घोडेस्वारीचा भाव आणि किती पॉइंट दाखवणार हे बसण्याआधीच ठरवावं. बसताना तीन गोष्टी बघाव्यात. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, सैल नको, नाहीतर उतारावर खोगीर कलतं. मुलांचे पाय रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) टेकले पाहिजेत. रिकिबीचा पट्टा मोठ्यांच्या मापाचा असला तर तो आखूड करून मागावा. रिकिबीत पाऊल पुढच्या निम्म्यापर्यंतच घालावं. सँडल आत सरकून अडकते, म्हणून बूटच हवेत. चढावर अंग पुढे, उतारावर मागे. घोडेवाला लगाम धरून शेजारी चालत असेल तरच मुलाला एकट्याला बसवावं, आणि घोडा पळवायचा नाही हे त्याला आधीच सांगावं. घोड्याच्या मागे उभं राहू नये, कारण त्याला थेट मागचं दिसत नाही. कान मागे चिकटवले की तो वैतागलाय असं समजावं. ही कानांची भाषा मुलं पाच मिनिटांत शिकतात. एखाद्या घोड्याच्या तोंडाला तोबरा (चाऱ्याची पिशवी) बांधलेला दिसला तर तिथे जरूर थांबावं: आतून येणारा कुरुम-कुरुम आवाज आणि मधेच फुरफुर करून उडवलेला भुसा, यावर चार वर्षांचं मूल दहा मिनिटं सहज रमतं.

या दिवसांत झाडीच्या वाटांवर जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याची जाळी असतात. उन्हात जाळ्याला पिवळसर सोनेरी झाक येते. मधोमध बसलेली मोठी काळी-पिवळी मादी चटकन दिसते, पण त्याच जाळ्यावरचा इवलासा नर शोधायला मुलांना सांगावं. पुढे चालणाऱ्याने काठी समोर धरली नाही तर जाळं तोंडावर येतं आणि तिची सगळी मेहनत वाया जाते. सूर्यास्ताच्या जागेचं नाव पॉर्क्युपाइन पॉइंट, म्हणजे साळिंदराचा. पण साळिंदर रात्रीचं हिंडणारं, तेव्हा ते दिसेल असं मुलांना कबूल करू नये.

कमी पडणाऱ्या बाजू दोनच. माती सुकली की घोड्यांच्या टापांनी लाल धुरळा उठतो. पांढरे मोजे त्यातून वाचत नाहीत, आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क ठेवावा. शिवाय दिवाळीच्या आठवड्यातल्या शनिवार-रविवारी गर्दी एवढी असते की जनावरंही बिथरलेली असतात. मधल्या वारी, सकाळी आठच्या आत दस्तुरीला पोचावं. तेव्हा ऊन कोवळं असतं, घोडे ताजेतवाने असतात आणि वानरं खालच्या फांद्यांवर ऊन खात बसलेली सापडतात.