तळ्याच्या काठासाठी ब्राह्मी की जलपिंपळी?

अंगणातील लहान तळ्याचा सिमेंटचा काठ झाकण्यासाठी ब्राह्मी लावावी की जलपिंपळी, असा प्रश्न एका स्नेह्यांनी विचारला. दोन्ही आपल्याकडील ओलसर जागी आपोआप उगवणाऱ्या, जमिनीलगत पसरून पेरापेराला मुळे धरणाऱ्या वनस्पती आहेत.

खरा फरक पाण्याच्या गरजेत आहे. मांसल पानांची ब्राह्मी सतत ओल्या चिखलात, अगदी उथळ पाण्यातही जोमाने वाढते. मात्र एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची पातळी खाली गेली की काठावरचा तिचा भाग लवकर सुकतो. जलपिंपळीला ओल आवडत असली, तरी मुळे खोल गेल्यावर ती कोरडा काळ सोसते, शिवाय अधूनमधून पाय पडला तरी टिकते.

खर्च दोन्हींचा नगण्य आहे, कारण दोन्ही फांद्यांच्या तुकड्यांपासून लागतात. ब्राह्मी रोपवाटिकेत मिळते, परंतु त्या नावाखाली गोलसर पानांची मंडूकपर्णीही दिली जाते, तेव्हा पान पाहूनच रोप घ्यावे. जलपिंपळी सहसा विकत मिळत नाही. ती कालव्याच्या कडेला शोधावी. मेहनत मात्र तिचीच अधिक, कारण ती शेजारच्या वाफ्यात शिरते आणि वरचेवर छाटावी लागते. तिच्या बारीक फुलांवर फुलपाखरे येतात, हा त्या कष्टांचा मोबदला.

पाण्याची पातळी वर्षभर स्थिर राहत असेल, तर ब्राह्मी लावावी. सांडपाणी येणाऱ्या तळ्यातील ब्राह्मी मात्र खाऊ नये, कारण ती जड धातू शोषून घेते. उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्याला किंवा वावर असलेल्या काठाला जलपिंपळीच योग्य.