फिरतं कडं की सलग डोकं? अलॉय चाकांच्या लॉकनटांची तुलना

लॉकनट म्हणजे चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून लावायचा नट, त्याच्या डोक्यावर खास नक्षीची खाच असते आणि तो त्याच नक्षीच्या चावीने सुटतो. आधी एक गोष्ट बाजूला काढतो. अख्खी गाडीच जाईल अशी भीती असेल, तर स्टिअरिंगला लावायचा आडवा दांडा किंवा चाकाला अडकवायचा पिवळा जबडा बघा, लॉकनट त्या कामाचे नाहीत. मी बोलतोय ते गाडी विटांवर टेकवून फक्त चाकं नेणाऱ्याबद्दल. नव्या गाडीला ही भीती जास्त, कारण अलॉयवर ओरखडा नसतो, टायरची नक्षी पूर्ण असते आणि असा जोड लगेच खपतो. शिवाय विटांवरून घसरली तर खालची पट्टी चेपते, तो खर्च वेगळा.

प्रत्येक चाकाला एक लॉकनट, हा हिशेब ठरलेला. प्रश्न उरतो प्रकाराचा. आधीच्या गाडीला मी तीन वर्षं फिरत्या कड्याचे लॉक वापरले, आताच्या गाडीला दीड वर्षापासून सलग डोक्याचे आहेत. कुठलीही चाचणी केलेली नाही, त्यामुळे पुढचं सगळं या साडेचार वर्षांच्या अनुभवावर तोलून घ्या.

फिरत्या कड्याच्या लॉकमध्ये नटाच्या डोक्याभोवती एक पोलादी कडं असतं आणि ते मोकळं फिरतं. चोराची सगळ्यात झटपट युक्ती अशी, की डोक्यापेक्षा किंचित लहान सॉकेट, म्हणजे नटावर टोपीसारखं बसणारं पान्याचं तोंड, घ्यायचं, हातोड्याने ठोकून लॉकवर बसवायचं आणि लांब दांड्याने फिरवायचं. कडं मोकळं असलं की सॉकेट त्याच्यासकट नुसतंच गरगरतं, नट जागचा हलत नाही. सलग लॉकला हे कडं नसतं. त्याचं डोकं गोल, गुळगुळीत आणि कडक केलेल्या पोलादाचं असतं. सॉकेटला धरायला काही सापडू नये, यावर त्याची भिस्त. आतून उलट्या पिळाचे दात असलेली, नट काढायची खास सॉकेटं बाजारात मिळतात. ती मऊ पोलादात छान रुततात, चांगल्या कडक डोक्यावर बहुतेक घसरतात. बहुतेक म्हणालो, कारण पुरेसा वेळ आणि निर्ढावलेला हात असेल तर काहीही निघतं.

म्हणजे कागदावर कडं जिंकतं. मीही पहिल्यांदा तेच घेतलं होतं आणि आजही कुणी कड्याचं घेतलं तर त्याला चुकलास म्हणणार नाही.

पण लॉक जितक्या वेळा चोराच्या हाती लागतं, त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा ते आपल्या आणि टायरवाल्याच्या हाती लागतं. पंक्चर, अलाइनमेंट, चाकांची अदलाबदल, ब्रेकचं काम, दरवेळी ती चावी त्या नटावर बसवावी लागते. माझा कौल इथेच फिरला.

फिरत्या कड्याच्या लॉकची नक्षी कड्याच्या आत, खोलात असते. त्या खळग्यात ब्रेक पॅडची काळी भुकटी, चिखल आणि पाणी मिळून एक लगदा साचतो आणि वाळून घट्ट होतो. वरून बघितलं तर नक्षी दिसते, म्हणून वाटतं स्वच्छ आहे. चावी आत जाते, थांबते, पण ठक्क असा शेवटचा ठोका लागत नाही. दोनेक मिलिमीटर बाहेर राहिलेली असते. दिवसाउजेडी हे लक्षात येतं. रात्री नाही येत.

माझ्यावर ती वेळ पावसातच आली. मागचं डावं चाक बसलं होतं. चार साधे नट पायाने दांडा दाबून सैल झाले. पाचव्यावर चावी लावली, पाना चढवला, जोर दिला आणि चावी कच्च करून घसरली. पोर गाडीत झोपलेलं, फोन दातात धरून उजेड पाडतोय, एका हाताने चावी आत दाबून धरतोय आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवतोय. पुन्हा घसरली. मग बॉलपेनच्या टोकाने तो खळगा कोरत बसलो. नखाएवढी ढेपळं निघत होती. पाणी ओतायचं, कोरायचं, फडक्याचं टोक पिळून आत फिरवायचं. त्या एका नटाने पाऊण तास खाल्ला. निघाला तेव्हा चावी उजेडात धरली, तर नक्षीच्या एका वळणावर धार दुमडून चकाकत होती.

त्या दुमडलेल्या धारेने पुढचं काम केलं. महिन्याभराने टायरच्या दुकानात चावी देताना मी सांगितलं होतं की याला हवेची गन लावू नका, हातानेच काढा. त्यांनी गन लावली. चावी मधोमध उभी चिरली. लॉकसोबत आलेलं, चावीच्या नक्षीचा कोड लिहिलेलं कार्ड नीट ठेवलेलं होतं म्हणून नवी चावी मागवता आली, पण ती यायला दिवस लागले आणि चाक त्याच दिवशी काढणं भाग होतं. तेव्हा तिथल्या जुन्या कारागिराने छिन्नी घेतली, तीन-चार घावांत ते फिरतं कडं सोलून बाजूला काढलं, आतल्या उघड्या डोक्यावर सॉकेट ठोकलं आणि नट सोडवला. दहा मिनिटं लागली असतील. ज्या कड्याच्या भरवशावर मी तीन वर्षं त्रास काढला, ते कडं माझ्या डोळ्यांदेखत निघालं. अर्थात दुकानात उजेड होता, घाई नव्हती आणि घावांच्या आवाजाने कुणी धावून येणार नव्हतं. चोराला यातलं काही मिळत नाही, हे कड्याच्या बाजूने मान्य करायलाच हवं.

सलग लॉकची नक्षी डोक्याच्या तोंडावरच, उथळ खाचेत असते. घाण साचते तिथेही, पण ती दिसते, फडक्याने पुसली की जाते, फार तर जुन्या टूथब्रशचे दोन फटके. चावी बसली की बसली हे हाताला कळतं. दीड वर्षात चाकं पाचेक वेळा निघाली असतील, चावी एकदाही घसरलेली नाही. तोट्याची बाजूही सांगतो. वरचा मुलामा एका लॉकवर फुगून उडाला आहे आणि तिथे गंजाचा ठिपका आला आहे. दिसायला वाईट दिसतं, पकडीला फरक पडलेला नाही.

तुमचा निर्णय मात्र माझ्यापेक्षा वेगळा असू शकतो आणि तो तुमच्या अलॉयवर अवलंबून आहे. नट ज्या भोकात बसतो तिथे बोट घालून बघा. नट खोल, अरुंद भोकात असेल तर ठोकायचं जाड सॉकेट तिथे मुळात शिरणं कठीण. अशा चाकात कड्याचा फायदा जवळपास संपतो, उलट कड्यामुळे लॉकची जाडी वाढून चावी भोकाच्या भिंतीला घासते. नटाभोवती बोट सहज फिरेल इतकी मोकळी जागा असेल आणि गाडी रात्री अंधाऱ्या, निर्मनुष्य जागी उभी राहत असेल, तर मी स्वतःही पुन्हा कड्याचा विचार करीन. फक्त मग दर धुण्याच्या वेळी तो खळगा कोरायची सवय लावून घ्यावी लागेल.

गाडी कंपनीकडून मिळणारे लॉक हा तिसरा पर्याय. त्यात नक्षीचे नमुने मोजके असतात, त्यामुळे सुरक्षितता थोडी कमी धरा. पण अधिकृत वर्कशॉपमध्ये सहसा त्या नमुन्यांच्या चाव्यांचा संच असतो आणि चावी हरवली तर सुटका सोपी होते. हा वाद ब्रँडचा नाही, हेही इथेच सांगतो. मॅकगार्ड ही अमेरिकी कंपनी १९६४ पासून या धंद्यात आहे, कित्येक गाडी उत्पादकांना लॉक पुरवते आणि तिच्याकडे सलग आणि फिरत्या कड्याचे दोन्ही मिळतात.

पाकळ्यापाकळ्यांच्या डोक्याचे, वीसच्या वीस नट बदलायचे स्वस्त संच मात्र घेऊ नका. त्यांची चावी हत्यारांच्या दुकानात सुटी मिळते, म्हणजे ती चोराकडेही असते. आपल्याकडची हरवली तर वीसही नट अडतात.

मापांत जाणार नाही, ती तुम्ही बघालच. तरी एका ठिकाणी जाणती माणसंही फसतात, म्हणून लिहितो. आटे जुळले म्हणजे लॉक जुळलं असं नाही, नट अलॉयवर टेकतो ती बैठकही तीच लागते. होंडाच्या मूळ अलॉयची बैठक गोलाकार असते, बाहेरून घेतलेल्या बहुतेक अलॉयची ६० अंशांच्या शंकूची. दोघांचे आटे १२ बाय १.५ (मिलिमीटरमध्ये, जाडी बाय दोन आट्यांमधलं अंतर), म्हणून चुकीचा नटही हसत चढतो आणि मग अगदी थोड्याशा जागेवरच टेकून राहतो. सुझुकीला १२ बाय १.२५ लागतात. फोक्सवॅगनच्या गाड्यांना नट नसून बोल्ट असतात, १४ बाय १.५, बैठक गोलाकार. मूळ अलॉय बदलणार असाल तर आधी चाकं ठरवा, लॉक नंतर घ्या.

बसवल्यावर ते टिकतात की नाही हे बरंचसं वापरावर आहे. मी चाक लावताना लॉक शेवटी आवळतो आणि काढताना आधी काढतो, बाकीचे नट घट्ट असताना. त्यामुळे एकट्या लॉकवर चाकाचा ताण येत नाही आणि चावीवर कमी जोर पडतो. आट्यांना ग्रीस लावत नाही, कारण घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला, म्हणजे आवळताना दिलेल्या पिळाच्या जोराला, आटे जास्त ताणले जातात. टॉर्क गाडीच्या पुस्तकातलाच, होंडाला १०८ न्यूटन-मीटर, फोक्सवॅगनच्या बहुतेक गाड्यांना १२०, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचा. चावी माझ्याच हातात राहते. टायरवाल्याकडे पोचल्यावर लॉक मी स्वतः सैल करून देतो आणि शेवटी स्वतःच आवळतो. कुणाला राग येत नाही, आला तरी चालेल. कोडचं कार्ड घरी, त्याचा फोटो फोनमध्ये, आणि चावी गाडीतच पण जॅकच्या पिशवीत नाही.

लॉकने मिळते ती काही मिनिटं. बऱ्याच गाड्यांचा अलार्म दार उघडलं तर वाजतो, गाडी जॅकवर तिरकी झाली तर गप्प बसतो. तुमच्या गाडीला तिरकेपणा ओळखणारा सेन्सर बसवता येत असेल तर लॉकच्या जोडीला तो जरूर बघा, दोन्ही प्रकारांतला फरक त्यापुढे लहान आहे.

घेण्याआधी दुकानात एक करून बघा. दोन्ही प्रकारचा एकेक नट हातात घ्या, डोळे मिटा आणि एकाच हाताने चावी बसवा. चावी पूर्ण बसली की नाही, हे न बघता सांगता येतंय का तेवढं तपासा. माझ्या सलग लॉकवर मला ते दर वेळी सांगता येतं, कड्याच्या लॉकवर नवं असतानाही दोनदा चाचपावं लागायचं.