मिरज रोडवरच्या फिशटँकवाल्याकडून सहा फुटी टँक: पाणी पक्कं, कपाट कच्चं

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्यांना पुराची अडचण सांगावी लागत नाही. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. त्यामुळं नवीन जे काही घ्यायचं ते वरच्या मजल्यावर, हा घरचा नियम. आमच्या ह्यांना हवा होता सहा फुटी फिशटँक. तो वर चढवायचा म्हणजे स्लॅबवर जवळपास टनभर वजन.

मिरज रोडवरच्या या दुकानदाराचं मला पहिल्यांदा पटलं ते इथंच. माशांच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी त्यानं विचारलं, "वहिनी, खाली बीम कुठनं गेलाय?" मग वहीत हिशेब मांडला. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे 24 घनफूट, म्हणजे साधारण 680 लिटर पाणी, तेवढेच किलो. 12 एमएम काचेचे सव्वाशे किलो. वर वाळू, दगड, लोखंडी स्टँड. घरातल्या स्लॅबला चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भार धरलेला असतो, आणि हा सगळा बोजा सव्वा चौरस मीटरहूनही कमी जागेवर येणार. ह्यांना टँक हॉलच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी दिसेल असा पाहिजे होता. त्यानं सरळ नाही म्हटलं. "इंजिनिअरला दाखवा, तो सही देत असेल तर करतो." इंजिनिअरनं अर्थातच दिली नाही. टँक आता नऊ इंची भिंतीला लागून, बीमवर आहे.

उंचीवरूनही वाद झाला. ह्यांना तीन फूट पाहिजे होती. खालच्या काचेवर दाब येतो तो पाण्याच्या उंचीचा, म्हणून उंची वाढली की काच जाड करावी लागते आणि पैसे वाढतात, हे त्यानं शांतपणे समजावलं. शिवाय तळ घासायला हात पोचला पाहिजे. हे मात्र मला लगेच पटलं, कारण घासणार कोण ते मला माहीत होतं. टफन्ड काच घ्या म्हणून शेजाऱ्यांनी सुचवलेलं. तिला नंतर भोक पाडता येत नाही, आणि फुटली तर एकदम सगळीच चुरा होते, म्हणून त्यानं साधी फ्लोट काच वापरली.

आमचा जिना अरुंद, तयार टँक वळणारच नव्हता. म्हणून काचा सुट्या वर नेल्या आणि जोडणी हॉलमध्येच केली. ते काम मी खुर्ची टाकून बघितलं. कडांपासून थोडं आत दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मग ॲसिटोननं प्रत्येक कड पुसायची, पुसल्यावर तिथं बोट लावायचं नाही. पोरगा हात लावायला गेला तर त्याला दटावलं. काळ्या सिलिकॉनची सलग धार, वरून काच दाबून बसवायची, ओलं असतानाच टेप ओढून काढायची. एका कोपऱ्यात सांध्यात बुडबुडा दिसला, मोहरीएवढा. मला तर दाखवल्यावर दिसला. त्यानं ती बाजू ब्लेडनं कापून, खरवडून परत जोडली. घरभर व्हिनेगरचा वास. सासूबाई म्हणाल्या, "कुणी लोणचं नासवलंय का गं?" सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, त्याचा तो वास. तो पूर्ण जाईपर्यंत त्यानं थेंबभर पाणी घालू दिलं नाही.

मग स्टँडवर प्लाय, प्लायवर थर्माकोलची शीट, लेव्हल बघून टँक, आणि आधी अर्धंच पाणी. खाली चारी बाजूंनी वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवलं. थेंब पडला तर कागदावर डाग दिसतो. पडला नाही.

फिल्टरसाठी खाली कपाटात संप, म्हणजे पाण्याची दुसरी छोटी टाकी, आहे. वरून पाणी ओव्हरफ्लोनं खाली येतं, स्पंज आणि सिरॅमिक रिंगांतून जातं, पंप परत वर टाकतो. इथं त्यानं मुद्दाम मेन स्विच बंद करून दाखवला. लाईट गेली की वरचं पाणी पाईपमधून उलटं खाली ओढलं जातं. म्हणून परतीच्या पाईपला पाण्याच्या पातळीला लागून एक बारीक भोक आहे, तिथनं हवा शिरली की ओढ तुटते. संपही तेवढं पाणी मावेल इतका रिकामा ठेवलाय. आपल्याकडं लाईटचा भरवसा काय ते सांगायला नको.

एरोवाना वास्तूला चांगला म्हणून सासूबाईंची इच्छा होती. "आज्जी, तो अडीच फुटांचा होतो, दोन फुटात वळणार कसा?" विषय संपला. आमच्या बोअरचं पाणी तपासून त्यानं आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातले सिक्लिड जातीचे मासे सुचवले. बोअरला क्षार भरपूर, आणि या माशांना पीएच आठच्या आसपासचं पाणी मानवतं. महापालिकेचं पाणी वापरलं तर आधी क्लोरीन काढावं लागतं, पावसाळ्यात ते गढूळ येतं ते वेगळंच. मासे मात्र त्यानं महिनाभर दिलेच नाहीत. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आधी वाढले पाहिजेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच पिवळे लॅब, म्हणजे त्या सिक्लिडांतलेच पिवळे मासे, आले. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे आणि दुकानदार माल देत नाही, हे सांगलीत पहिल्यांदाच बघितलं.

आता दुसरी बाजू. कपाट त्यानं ओळखीच्या सुताराकडून करून घेतलं, आणि संपाच्या तोंडाशी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या शीटची दारं! पावसाळा संपायच्या आत खालच्या कडा फुगल्या, दार लागेना. बऱ्याच फोननंतर प्लायची दारं लावून दिली, पण बिजागऱ्यांचे पैसे आमच्याकडूनच घेतले. ती दारं गणपतीच्या आधी देतो म्हणाला होता, दसरा उजाडला. लाईट भडक दिली आणि टायमर दिला नाही, त्यामुळं काचेवर शेवाळ चढलं. टायमर आम्ही आणून दिवसाला आठ तास केल्यावर कमी झालं. पंपाचा घूं घूं आवाज खाली रबर लावल्यावर थांबला, तेही आम्हीच लावलं. रविवारी फोन उचलत नाही.

सगळं मिळून 80 हजारांच्या आत बसलं. काच, सांधे, पाणी या कामाला मी एक रुपया कमी करा म्हणणार नाही. जाणार असाल तर घराचा बीमचा नकाशा बरोबर न्या, कपाट तुमच्या सुताराकडून मरीन प्लायमध्ये करून घ्या, आणि त्याच्या तारखेत महिना स्वतःच मिळवा.