नवा टर्बो न घेता कोअर बदलला, त्याला आठ महिने झाले

गेल्या आठवड्यात वंटमुरीचा चढ चढताना बॉनेटमधून पुन्हा तीच शिट्टी आली आणि पोटात गोळा आला. आठ महिन्यांपूर्वी गोव्याहून येताना चोर्ला घाटात अशीच वाजली होती. मग ओढ गेली, मागं निळ्या धुराचा लोट उठला आणि गाडी टोचन लावून बेळगावला आणावी लागली.

शोरूमनं सांगितलं, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) रिपेअर होत नाही, अख्खी असेंब्ली बदला, मजुरीसह ४१ हजार. २०१४ ची डिझेल गाडी, १ लाख ६२ हजार किलोमीटर पळालेली. एवढे पैसे घालायचे का विकून टाकायची, यावर घरात दोन दिवस वाद झाला. रिपेअर टर्बो म्हणजे जुगाड, असं माझं ठाम मत होतं. तरी उद्यमबागेतल्या एका मिस्त्रीला दाखवलं.

त्यानं टर्बो उतरवून माझ्याच हातात दिला. "शाफ्ट हलवून बघा ओ काका. आडवा जरा हलला तर चालतंय. आत-बाहेर हलला की बेअरिंग गेलं." आत-बाहेर हलत होता. पण पाती शाबूत, हाउसिंगला आतून घासल्याची खूण नाही. म्हणजे फक्त कोअर, शाफ्ट-पाती-बेअरिंगचा आतला गाभा, बदलायचा. बॅलन्सिंगच्या रिपोर्टसकट कोअर, ऑइल, फिल्टर, मजुरी धरून १६,४०० रुपये.

मूळ दोष टर्बोत नव्हताच. टर्बोला ऑइल पोचवणाऱ्या पाइपाला एक पोकळ बोल्ट असतो. मिस्त्रीनं तो उजेडाकडं धरला. आरपार दिसायला हवं तिथं टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, बाकी सगळी डांबरासारखी चिकट काजळी. शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. थर तुटला की बेअरिंग खरवडलंच. शोरूमच्या एस्टिमेटमध्ये ना हा पाइप होता, ना बोल्ट, ना संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून जाळी धुणं. ४१ हजारांचा नवा टर्बो त्याच बुजलेल्या बोल्टावर बसला असता आणि तोही गेला असता. हा राग अजून जात नाही. ऑइल मी १५ हजार किलोमीटरवर बदलत होतो, ही चूक माझी. पण कारण न शोधता महागडा भाग गळ्यात मारणं ही लूट आहे.

ओढ पहिल्यासारखी आली, अ‍ॅव्हरेज १९ वर. तिसऱ्या महिन्यात इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपात ऑइल दिसलं, तेव्हा भावाला फोन करून सांगितलं होतं की या भानगडीत पडू नको. ते शब्द मागं घेतो. ऑइल जुनंच साठलेलं होतं. मिस्त्रीनं इंटरकूलर आधीच धुवायला हवा होता आणि ही हयगय लहान नाही, कारण असं ऑइल इंजिनानं ओढलं तर चावी काढली तरी डिझेल इंजिन बंद होत नाही. त्यानं धुऊन दिला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून पाइप कोरडा आहे.

गेल्या आठवड्यातली शिट्टी होजच्या सैल क्लॅम्पची निघाली. ६० रुपयांत काम झालं.

पाती तुटली असतील तर मात्र नवाच घ्या, आणि तुकडे कुठं गेले ते इंटरकूलर उघडून बघितल्याशिवाय गाडी सुरू करू नका. काहीही बसवा, पाइप आणि बोल्ट नवे घालायला लावा, जुने हातात मागून घ्या. मी आता घाट चढून आलो की मिनिटभर आयडलवर ठेवूनच बंद करतो. ऑइल ७,५०० वर बदलतो. पुढचं दिवाळीआधी येईल, तेव्हा तो बोल्ट पुन्हा खोलून बघणार आहे.