जुना ‘लाताक’ घ्यावा की ‘स्ट्रॅटेगो’?

बुद्धिबळाच्या जुन्या संचातल्या उंटाचा टवका उडाला म्हणून डाव अडत नाही. हरवलेल्या प्याद्याच्या जागी शर्टाचं बटणही चालून जातं. ‘लाताक’ आणि ‘स्ट्रॅटेगो’ या लढाईच्या दोन पटखेळांत ती सोय नाही, कारण समोरची सोंगटी कोणती हे इथे कळायचंच नसतं. एखादीचा कोपरा दुमडलेला असला, तर दोन-तीन डावांत तुमचा सेनापती समोरच्याला पाठ होतो.

‘लाताक’ मूळचा फ्रेंच. एर्मांस एदाँ या महिलेने १९०८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढे इंग्लंडात गिब्सन कंपनीने तो काढला. पट ९ बाय १० घरांचा, सोंगट्या प्रत्येकी ३६. पुठ्ठ्यावर गणवेशातल्या सैनिकांची रंगीत चित्रं आणि खाली धातूची बैठक. दिसायला इतका देखणा की खेळायला काढवत नाही, आणि पुठ्ठ्याचं वय पाहता काढूही नये.

‘स्ट्रॅटेगो’ हा त्याचाच डच वारस. अमेरिकेत तो १९६१ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने आणला. पट १० बाय १०, मध्ये दोन तळी, सोंगट्या प्रत्येकी ४०. त्यांत सहा सुरुंग आणि ते निकामी करणारे पाच जण. हेराने स्वतःहून हल्ला केला तर तो थेट मार्शलला, म्हणजे सर्वांत वरच्या हुद्द्याच्या सोंगटीला, मारतो. मार्शल आधी चालून आला तर हेरच जातो. समोरच्याच्या निशाणाची सोंगटी पकडली की खेळ संपला. बुद्धिबळात मुरलेल्याला सुरुवातीला हे सगळं जुगारासारखं वाटेल, पण मांडणी आणि स्मरणशक्ती इथेही तितकीच कामाला येते. प्लास्टिकच्या सोंगट्या दिसायला सामान्य, पण वर्षानुवर्षं एकसारख्या राहतात.

एक खाचखळगा: जुन्या अमेरिकन संचात मार्शलच्या सोंगटीवर हुद्द्याचा आकडा १, युरोपीय संचात १०. दोन अर्धवट संच जोडून विकलेला असेल तर घेऊ नका.

घरी तिसरं माणूस रिकामं असेल तर फिलिपिन्सचा ‘सालपाकान’ही बघा. त्यात प्रत्येकी २१च सोंगट्या असतात आणि कोण मेलं ते पंच सांगतो, त्यामुळे जिंकलेली सोंगटीसुद्धा गुप्त राहते.

माझं मत विचाराल तर खेळायला ‘स्ट्रॅटेगो’, कपाटात ठेवायला ‘लाताक’. कुठलाही घ्या, पैसे देण्याआधी सोंगट्या मोजा आणि पाठीकडून एकेक न्याहाळा. चित्राची बाजू विकणारा दाखवतोच.